ओळख, वशिला आणि प्रोफाइल : मराठवाड्यातील व्यवसायपरिचयाच्या भाषेचा एक इतिहास

१

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर नावाचे गाव आहे. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे ते दूरदूरच्या यात्रेकरूंस परिचित आहे. परिसरातील शेतकऱ्यास मात्र ते हळदीच्या मुलखातील एक गाव म्हणून अधिक जवळचे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या संस्थानात होते, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात आणि त्यानंतर महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा गावाचा जिल्हाही बदलला. गाव जागचे हलले नाही. परंतु ज्या कचेरीकडे नोकरीचा अर्ज करावयाचा ती कचेरी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या अर्जाची भाषा, तीन-चार पिढ्यांत पुन्हा पुन्हा बदलली.

आज याच गावातील पदवीधर मुलास अर्ज करण्यापूर्वीच आणखी एक गोष्ट करावी लागते. लिंक्डइनसारख्या संकेतस्थळावर त्याने स्वतःची ओळख मांडून ठेवावी, अशी अपेक्षा असते. अशा संकेतस्थळांना प्रस्तुत लेखात 'व्यवसायपरिचयस्थळे' असे म्हटले आहे. मित्रांच्या गप्पांसाठी चालणाऱ्या समाजमाध्यमांहून ती भिन्न होत. येथे माणूस येतो तो आपले शिक्षण, हुद्दा, कौशल्य व पूर्वानुभव घेऊन. आणि जोडला जातो तो त्याच्या कामाच्या नात्याने.

या स्थळांविषयी ग्रामीण भागात जाणीव कमी आहे, हे विधान वारंवार ऐकू येते. त्याची कारणेही ठरावीक सांगितली जातात : यंत्र नाही, जोडणी नाही, माहिती नाही. ही कारणे एके काळी खरी होती. तथापि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर स्वस्त मोबाइल इंटरनेट खेडोपाडी पोहोचले, आणि तरीही शिरड शहापूरच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅप ज्या सहजतेने आपलेसे केले त्या सहजतेने व्यवसायपरिचयस्थळ आपलेसे केले असे दिसत नाही. यास्तव कारण अन्यत्र शोधले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते भाषेत आहे, आणि त्याचा इतिहास या संकेतस्थळांहून पुष्कळ जुना आहे. कामधंद्याच्या ओळखीची जी जी संस्था या प्रदेशात आली, तिचा प्रसार ती लोकांना स्वतःचे वर्णन कोणत्या शब्दांत करावयास सांगते यावर अवलंबून राहिला.

२

प्रथम शब्दांचीच साक्ष घेऊ. काम मिळणे आणि मिळवणे या व्यवहारासंबंधी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांचे तीन थर स्पष्ट दिसतात.

सर्वांत खालचा थर नात्यांचा आहे : ओळख, भाऊबंद, सोयरा, गाववाला, बोली, साल. यांतील 'ओळख' हा शब्द संस्कृतातील 'लक्ष्' या धातूच्या कुळातील असून, पाहून खूण पटणे हा त्याचा मूळ भाव आहे. ओळख पटण्यासाठी कोणीतरी पाहणारा लागतो. मराठीत माणूस स्वतःची ओळख 'देतो' किंवा 'करून देतो'. पण ती 'पटते' दुसऱ्याला, आणि ती 'काढावी' लागते तीही दुसऱ्याशी.

दुसरा थर फारसी-अरबीचा. नोकरी, चाकरी, रोजगार, उमेदवार, अर्ज, दाखला, हुद्दा, जामीन, शिफारस, वशिला, मुकादम हे सर्व शब्द या थरातील होत. यांतील बहुतेक शब्द दरबारातून व कचेरीतून खाली उतरले. 'वशिला' या शब्दाची गती पाहण्यासारखी आहे. मूळ अरबी 'वसीला' म्हणजे साधन, एखाद्याजवळ पोहोचण्याचा मार्ग. त्यात निंदा नाही. मराठीत त्याला निंदेची छटा आली, आणि 'वशिल्याचे तट्टू' हा वाक्प्रचार लायकीवाचून जागेवर बसलेल्या माणसासाठी रूढ झाला. उलटपक्षी 'शिफारस' हा त्याच व्यवहारातील शब्द प्रतिष्ठित राहिला. एकाच कृतीला दोन नावे पडली : आपल्यासाठी केली ती शिफारस, दुसऱ्यासाठी केला तो वशिला. ज्या समाजात जागा थोड्या आणि उमेदवार फार, तेथे असे अर्थविभाजन होणे स्वाभाविकच होय.

तिसरा थर इंग्रजीचा. त्याचेही दोन पदर आहेत. ऑफिस, सर्टिफिकेट, इंटरव्ह्यू, बायोडाटा हा जुना पदर. प्रोफाइल, कनेक्शन, नेटवर्क, स्किल हा नवा. (या दोहोंहून निराळा, पोर्तुगीजांकडून आलेला 'पगार' हा एकटा शब्द इतका घरचा झाला आहे की त्याचे परकेपण कोणास जाणवतही नाही.)

या तीन थरांकडे पाहता एक गोष्ट ध्यानात येते. काम स्वतः करण्याचे शब्द देशी आहेत : पेरणे, खुरपणे, शिजवणे, विणणे, घडवणे. काम *मागण्याचे* शब्द मात्र बव्हंशी त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या भाषेतील आहेत. ज्याला काम येते आणि ज्याला काम मागता येते ही दोन माणसे निराळी का पडतात, याचे मर्म या विभागणीत आहे.

३

ज्या व्यवस्थेत काम मागावेच लागत नव्हते, तिच्यात आत्मवर्णनाची गरज नव्हती. बलुतेदारीत सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार. नाव सांगितले की धंदा कळला. ओळख जन्मानेच लिहिलेली असे आणि ती खोडण्याची मुभा नसे. ही स्थिरता ज्यांच्या वाट्यास प्रतिष्ठा आली त्यांस सुखाची होती. ज्यांच्या वाट्यास हलके मानलेले काम आले त्यांस ती बेडी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते हीच बेडी तोडण्यासाठी. पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले, त्यालाच पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मराठवाड्यातील कित्येकांना जन्माने न मिळालेली ओळख या महाविद्यालयाने दिली. 'मी अमक्याचा मुलगा' याऐवजी 'मी अमक्या कॉलेजचा विद्यार्थी' असे म्हणता येणे, हा व्यवसायपरिचयाच्या इतिहासातील फार मोठा बदल होता.

बलुत्याच्या जोडीला आणखी तीन प्रकार या भागात दिसतात. पहिला सालगड्याचा. गुढीपाडव्याला सालाची बोली होते, आणि कोणता गडी कष्टाळू, कोणता जनावरांना जपणारा, ही माहिती कोणत्याही कागदावर नसताना पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक असते. दुसरा प्रकार मुकादमाचा. ऊसतोडीसाठी मुकादम उचल देऊन टोळी उभी करतो. बांधकामावर हेच काम करणाऱ्यास मराठवाड्यात 'गुत्तेदार' म्हणतात. कारखान्याला मजूर ठाऊक नसतो, मजुराला कारखाना ठाऊक नसतो. दोघांनाही मुकादम ठाऊक असतो. तिसरा प्रकार व्यापाऱ्याचा. आडतीत व पेढीवर माणसाची किंमत 'पत' या एका शब्दात सामावते, आणि ती पत त्याच्याविषयी इतर व्यापारी काय म्हणतात यावर ठरते.

हे तीनही प्रकार एका बाबतीत समान आहेत. माणसाविषयी बोलतो तो तिसरा माणूस. स्वतः माणूस गप्प असतो. स्वतःच्या तोंडाने स्वतःचे गुण सांगणे मराठी संस्काराला प्रशस्त वाटत नाही. 'आत्मस्तुती' हा शब्दच दोषवाचक आहे.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिसऱ्या माणसाच्या हाती शब्द असला की अधिकारही त्याच्याच हाती जातो. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर किंवा मुकादम हीच भरतीची किल्ली होती. त्याच्या मर्जीवाचून साचा मिळत नसे, आणि मर्जीची किंमत पुष्कळदा रोख मोजावी लागे. १९२९ ते १९३१ या काळातील रॉयल कमिशनने या पद्धतीवर कठोर टीका केली, आणि १९३५ मध्ये बदली कामगारांची नोंद ठेवून जॉबरचे हात बांधण्याचा प्रयत्न गिरणीमालकांच्या संघटनेने केला. ऊसतोडीच्या भाषेत तर त्याहून सूक्ष्म अन्याय दडलेला आहे. तेथे नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. हत्याराचे नाव माणसांना पडले, आणि दोन माणसांचे एक नाव झाल्यामुळे त्यांतील बाईचे काम हिशेबात स्वतंत्रपणे उरलेच नाही. ज्या कामाला स्वतःचे नाव नाही, त्याची ओळख कोणी कोणास करून द्यावी?

४

गावाबाहेरची नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, आणि तेथे प्रश्न आला भाषेचा. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी होती; १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचेही माध्यम केले. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा भारतातील एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु संस्थानातील सुमारे चौथा हिस्सा प्रजा मराठी बोलणारी, सर्वाधिक तेलुगू बोलणारी आणि काही कन्नड बोलणारी होती. परभणीकडील मराठी मुलाच्या दृष्टीने अर्जाची भाषा घरची नव्हती, शेताची नव्हती, बाजाराचीही पुरती नव्हती. ती शिकल्यावरच तो 'उमेदवार' होऊ शके.

याच काळात 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हा वाद उभा राहिला. उत्तरेकडून आलेल्या सुशिक्षितांना संस्थानात हुद्दे मिळतात आणि स्थानिकांना मिळत नाहीत, ही त्यामागील तक्रार. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकरीसाठी मुलकी असण्याची, म्हणजे संस्थानातील पंधरा वर्षांच्या वास्तव्यासारख्या अटींची, तरतूद झाली. इतिहासकार या वादाकडे प्रदेशवादाचे बीज म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. पण तो व्यवसायपरिचयाचाही वाद होता. ज्यांची शिफारस हैदराबादेत चालते त्यांचे जाळे आणि ज्यांची चालत नाही त्यांचे जाळे, असा तो सामना होता. आणि त्यावरचा उपायही परिचयाचा नव्हे, दाखल्याचा निघाला : कोणी ओळखत नसले तरी कागदाने ओळखावे.

विलीनीकरणानंतर हीच मागणी निराळ्या रूपाने पुढे आली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्यांत विभागवार लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा असे कलम होते, आणि संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदातही मराठवाड्यासह अन्य विभागांना नोकरीच्या पुरेशा संधी देण्याचा उल्लेख आला. ज्या प्रदेशाची ओळख राजधानीत पोहोचत नाही, त्याने ओळखीऐवजी हिस्सा मागावा, हे समजण्यासारखे आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने अर्जाची भाषा अखेर मराठी झाली. परंतु ती कचेरीची मराठी होती. भाषा संचालनालयाने हुद्द्यांसाठी जे नवे शब्द घडवले त्यांच्या कोशाला 'बदनाम कोश' म्हणून लोकांनी हसून घेतले. त्या थट्टेत अन्याय होता. पण एक खरी अडचणही होती. शब्द मराठी असले तरी ते काम करणाऱ्याच्या तोंडचे नव्हते.

५

ओळखीवाचून काम मिळवून देणारी पहिली मोठी संस्था म्हणजे सेवायोजन कार्यालय, ज्याला लोक आजही 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांची सोय लावण्यासाठी १९४५ मध्ये ही योजना सुरू झाली. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कार्यालयांचा कारभार राज्यांकडे आला. त्याच दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. रिक्त जागा कळवणे सक्तीचे करणारा १९५९ चा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी, अंमलात आला. या तारखांचा मेळ योगायोगाचा आहे. पण शिरड शहापूरच्या मॅट्रिक झालेल्या मुलाला नवे राज्य आणि नोंदणीचे कार्ड या दोन गोष्टी जवळजवळ एकदमच मिळाल्या, ही वस्तुस्थिती आहे.

या कार्डाची जाणीव खेड्यांत फार लवकर पसरली. पदवी झाली की नाव नोंदवावयाचे, ठरल्या मुदतीत ते ताजे करावयाचे, आणि 'कॉल'ची वाट पाहावयाची, हा क्रम घरोघर रूढ झाला. असे का झाले? कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी होते, एस्.टी.चा खर्च होता, रांग होती. तरीही लोक गेले. कारण तेथे स्वतःचे वर्णन करावयाचे नव्हते. गुणपत्रिका दाखवली की कारकून रकाने भरी. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, वय, टक्केवारी : सर्व काही तिसऱ्याच्या सहीने सिद्ध झालेले. जुन्या व्यवस्थेतील तिसरा माणूस येथे शिक्क्याच्या रूपाने टिकून राहिला.

परंतु या कार्डातही एक रिकामी जागा होती. कामांचे वर्गीकरण राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाप्रमाणे होई. हे वर्गीकरण प्रथम १९५८ मध्ये तयार झाले आणि १९६८, २००४ व २०१५ मध्ये सुधारले गेले. त्याची मूळ भाषा इंग्रजी. शिवाय १९५९ च्या कायद्याने खाजगी क्षेत्रातील शेतीकाम, यंत्रचालकांचा अपवाद वगळता, सक्तीच्या बाहेर ठेवले. घरकाम बाहेर ठेवले. तीन महिन्यांहून कमी मुदतीचे कामही बाहेर ठेवले. शेती, घरकाम आणि हंगामी मजुरी काढून टाकल्यावर शिरड शहापूरसारख्या गावातील प्रत्यक्ष कामांपैकी किती उरते, याचा विचार वाचकांनीच करावा. कार्ड मिळाले ते पदवीला, कामाला नव्हे.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांवर भरती मर्यादित ठेवू नये, वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन इतरांचेही अर्ज घ्यावेत. समतेच्या दृष्टीने हा निर्णय उचित होता. पण त्याने कार्डाचे उरलेसुरले वजन कमी केले, आणि त्याच सुमारास जग दुसरीकडे वळत होते.

६

१९९७ मध्ये दोन घटना घडल्या. अमेरिकेत 'सिक्सडिग्रीज' हे माणसांच्या परस्परसंबंधांवर उभारलेले संकेतस्थळ निघाले, आणि भारतात 'नोकरी डॉट कॉम' सुरू झाले. पहिल्यात ओळखी होत्या पण काम नव्हते. दुसऱ्यात काम होते पण ओळखी नव्हत्या. या दोहोंची सांगड घालण्याचा यत्न २००१ मध्ये 'राईझ'ने आणि २००३ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे निघालेल्या, पुढे 'झिंग' या नावाने चाललेल्या स्थळाने केला. लिंक्डइनची स्थापना डिसेंबर २००२ मध्ये रीड हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि ५ मे २००३ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. पहिल्या महिन्याच्या अखेरीस त्याचे सभासद साडेचार हजार होते. २००९ मध्ये त्याने भारतात कार्यालय उघडले तेव्हा येथील सभासद सुमारे चौतीस लक्ष होते; २०२३ मध्ये ही संख्या दहा कोटींवर गेली. दरम्यान २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही संस्था विकत घेतली होती.

या वाढीमागील समाजशास्त्रीय तत्त्व त्याआधीच मांडले गेले होते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळील न्यूटन येथील नोकरदारांचा अभ्यास करून १९७३ मध्ये दाखवले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलगांकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. जिवलगांना जे ठाऊक ते आपणासही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्याकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरील प्रयोगाने हे तत्त्व थोड्या दुरुस्तीसह पुष्ट केले : अगदी क्षीण नव्हे, तर मध्यम क्षीण ओळख सर्वाधिक उपयोगी पडते.

हे तत्त्व आपल्या गावास लावून पाहावे. शिरड शहापूरच्या मुलाच्या घट्ट ओळखी पुष्कळ आहेत : भावकी, सोयरे, वर्गमित्र. पुण्याला गेलेला गाववाला त्यास खोली मिळवून देतो आणि स्वतःच्याच कारखान्यात कामावर लावतो. म्हणून एका कारखान्यात एकाच गावची मुले आढळतात. त्याला उणीव आहे ती दूरच्या ओळखींची. आणि व्यवसायपरिचयस्थळ नेमके तेच देऊ करते. तत्त्वतः या स्थळाचा सर्वाधिक लाभ त्यालाच व्हावयास हवा. प्रत्यक्षात तसे का होत नाही?

७

कारण हे स्थळ जुन्या व्यवस्थेचा एक मूलभूत नियम उलटा करते. येथे तिसरा माणूस मागे सरतो आणि स्वतः माणसाला बोलावे लागते. 'मी कोण' हे एका ओळीत, 'मी काय केले' हे चार ओळींत, तेही प्रथमपुरुषी आणि अभिमानाने. शिफारशीची सोय आहे. २०१२ मध्ये तर एखाद्याचे कौशल्य एका बोटाच्या स्पर्शाने मान्य करण्याची रीत आली. परंतु ज्या साक्षीला शब्द खर्चावा लागत नाही, तिला मोलही उरत नाही. सालगड्याविषयी शेजाऱ्याने उच्चारलेले एक वाक्य त्याच्या अब्रूला बांधलेले असे. हा स्पर्श कोणाच्याच अब्रूला बांधलेला नसतो.

आत्मवर्णनाचा संकोच सवयीने जाईल. दुसरी अडचण त्याहून खोल आहे. हळदीचेच उदाहरण घ्या. काढणीनंतर गड्डे व हळकुंडे वेगळी करणे, ती योग्य बेताने शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, हाताने मोडून पाहून प्रत ठरवणे, वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात सौदा करणे : यांतील प्रत्येक पायरीला अनुभव लागतो, आणि घरच्या शेतावर वाढलेल्या मुलास हा अनुभव वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत आलेला असतो. प्रोफाइल लिहावयास बसला की तो काय लिहितो? पदवीचे नाव, आणि पुढे इंग्रजीत 'नोकरीच्या शोधात'. हळद तेथे येत नाही. त्याला ते सांगण्यासारखे वाटत नाही. आणि वाटले तरी कौशल्याच्या रकान्यात कोणत्या नावाने बसवावे हे कळत नाही. वस्तुतः मसाल्याच्या पदार्थांची प्रतवारी, गुणवत्तेची पारख, कृषिमालाची खरेदी ही त्या जगातही मान्य कौशल्ये आहेत. माणूस आहे, काम आहे, त्या कामाला मागणीही आहे. मध्ये शब्द नाही.

लिंक्डइनने डिसेंबर २०२१ मध्ये हिंदीत आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मराठी, बंगाली, तेलुगू व पंजाबी या भाषांत आपली पृष्ठे उपलब्ध करून दिली. मराठीच्या अभिमान्यांस याचा आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण भाषांतर झाले ते पाट्यांचे. घर अद्याप इंग्रजीतच आहे. सूचना मराठीत वाचावयाच्या आणि मजकूर इंग्रजीत लिहावयाचा, कारण तो वाचणारा मराठी वाचणार नाही, अशी सर्वांची समजूत. उर्दूच्या काळात परभणीच्या उमेदवाराची जी स्थिती होती तिच्याशी हिचे साम्य उघड आहे. फरक इतकाच की तेव्हा अर्जनवीस मिळे. आता त्याचे काम यंत्र करते, आणि ज्याचे त्याचे वर्णन एकाच साच्यातून काढते.

आणखी एका साम्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. प्रोफाइलवर सर्वांत वर येते ते नाव, आणि आपल्याकडे आडनाव पुष्कळ काही सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवण्यात आले होते. दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांच्या अर्जांहून स्पष्टपणे कमी आढळली. तो अभ्यास वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा होता. तरी जेथे नाव व छायाचित्र पात्रतेच्या आधी दिसते तेथे हा धोका कमी होईल असे मानण्यास आधार नाही. बलुत्यात नाव सांगितले की धंदा कळत असे. नवे स्थळ नाव आणि धंदा वेगळे करण्याचे आश्वासन देते. ते पाळले जाते की नाही हे वाचणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे.

८

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. इंग्रजी शिकली की प्रश्न सुटेल, मग कामांना मराठी नावे कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. उर्दू शिकलेल्यांस हैदराबादेत हुद्दे मिळाले, इंग्रजी शिकलेल्यांस आज पुण्यात मिळतात. आणि इंग्रजी शिकण्यापासून कोणा मुलास परावृत्त करणे हा अपराधच ठरेल. परंतु भाषांतर करण्यासाठी मूळ मजकूर असावा लागतो. ज्याने आपल्या कामाचे वर्णन मराठीत कधी केले नाही, तो इंग्रजीत करील ते दुसऱ्याच्या कामाचे वर्णन असेल. आज असंख्य प्रोफाइले परस्परांच्या नकला वाटतात याचे कारण लिहिणाऱ्यांचे अज्ञान नव्हे. त्यांच्या हाती स्वतःचा मूळ मजकूर नाही.

मागे पाहता क्रम असा दिसतो. बलुत्यात जन्म बोलला, मुकादमीत मध्यस्थ बोलला, संस्थानात दरबारी भाषा बोलली, सेवायोजन कार्यालयात दाखला बोलला. काम करणारा स्वतः प्रथमच बोलू लागला आहे तो या नव्या स्थळांवर. ही संधी लहान नाही. 'एक कोयता' या मोजणीत हरवलेल्या बाईला आपल्या कामाला आपले नाव देता आले, तर ती इतिहासातील नवी घटना ठरेल. पण तिच्यापाशी ते नाव असले पाहिजे.

येथे भाषाशास्त्राच्या विभागांनी करण्यासारखे काम आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी बरेच जण अशाच गावांतून येतात. प्रत्येकाने आपल्या घरच्या व गावच्या एकेका धंद्यातील कामांची नावे, त्यांतील पायऱ्या, हत्यारे, गुणदोष दाखवणारे शब्द करणाऱ्यांच्या तोंडून टिपून घ्यावेत. ते काम कोण करते, किती दिवसांत शिकते, कोणाकडून शिकते हेही नोंदवावे. आणि मग राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील कोणत्या नोंदीशी ते जुळते किंवा जुळत नाही हे पाहावे. जेथे जुळत नाही ती जागा विशेष मोलाची समजावी. हळदीपासून आरंभ करण्यास शिरड शहापूरचा परिसर उत्तम आहे. काढणीनंतरच्या हंगामात शिजवणीच्या जागी चार दिवस बसले तरी पुष्कळ साहित्य हाती येईल.

व्यवसायपरिचयस्थळांची वाढ होतच राहील. एक स्थळ मागे पडेल, दुसरे येईल. त्यांविषयीची जाणीव वाढवण्याची शिबिरेही भरतील. परंतु जाणीव हा शब्द 'जाणणे' या क्रियापदापासून आला आहे, आणि जाणण्याचा आरंभ स्वतःच्या कामापासून व्हावा लागतो. शिरड शहापूरच्या मुलास संकेतस्थळाचा पत्ता आज ठाऊक आहे. त्या स्थळावर आपला पत्ता कोणत्या शब्दांत लिहावा हे त्यास ठाऊक व्हावे, इतकीच या लेखामागील अपेक्षा आहे.